कलमाचा चाकू : देशी घ्यावा की विलायती?

विदर्भातील संत्र्याच्या बागेचा आरंभ रोपवाटिकेत होतो आणि रोपवाटिकेतील कामाचा आरंभ घडीच्या एका लहानशा चाकूने होतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर या भागांत आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील वरुड व शेंदुरजना घाट येथे हिवाळ्याचे दिवस आले म्हणजे डोळे बांधणाऱ्या कारागिरांची लगबग सुरू होते. या कारागिरांच्या खिशात जी साधने असतात त्यांत चाकू हे सर्वांत महत्त्वाचे होय. असे असूनही त्याच्या खरेदीविषयी जितका विचार व्हावयास पाहिजे तितका होत नाही. जो विचार होतो तोही बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतो. तो प्रश्न असा की, चाकू कोणत्या देशाचा आहे?

नागपूरच्या इतवारीतील लोहा ओळीत किंवा सीताबर्डीच्या बाजारात चाकू पाहावयास गेलेल्या बागाईतदारास दोन प्रकारचा उपदेश ऐकावयास मिळतो. कोणी म्हणतो, “जर्मन किंवा स्विस चाकू घ्या, आयुष्यभर पाहावे लागणार नाही.” दुसरा म्हणतो, “चाकू तो चाकू. देशी घ्या आणि उरलेल्या पैशाचे खत आणा.” या दोन्ही उपदेशांत थोडे तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरे आहेत. चाकूवर कोरलेले देशाचे नाव नेमके काय सांगते व काय सांगत नाही, हे समजून घेतल्यास खरेदी डोळसपणे करता येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना हा प्रश्न वारंवार विचारला जातो. यास्तव त्याचा क्रमवार विचार येथे केला आहे.

चाकूकडून अपेक्षित असलेले काम

नागपुरी संत्र्याचे कलम जंबेरीच्या किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर डोळा भरून तयार करतात. खुंट पेन्सिलीइतका जाड झाला म्हणजे जमिनीपासून सुमारे २० ते २५ सेंटिमीटर उंचीवर त्याच्या सालीस इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा किंवा उलट्या ‘टी’सारखा काप देतात. नंतर साल अलगद उचकून तीत मातृवृक्षाच्या काडीवरून काढलेला डोळा सरकवितात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. डोळा इतक्या उंचीवर भरण्याचे कारण असे की, तो जमिनीलगत भरल्यास ओल्या मातीशी सांधा संबंधित राहतो आणि डिंक्या रोगास वाव मिळतो.

या कामात चाकूस तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, साल कापावयाची पण आतील काष्ठात खोल शिरावयाचे नाही. दुसरी, डोळा एकाच ओढीत आणि सपाट कापाने काढावयाचा. तिसरी, साल न फाडता उचकावयाची. साल आणि काष्ठ यांच्यामध्ये वाढीचा एक अत्यंत पातळ व नाजूक थर असतो. डोळ्याचा आणि खुंटाचा हा थर एकमेकांस चिकटला तरच सांधा जुळतो. बोथट पात्याने हा थर चिरडला जातो, काप खडबडीत होतो, डोळा व खुंट यांच्यामध्ये पोकळी राहते आणि डोळा वाळून जातो. अनुभवी कारागीर दिवसाकाठी काही शे डोळे बांधतो. त्यामुळे पात्याचा लहानसा दोषही दिवसभरात शेकडो वेळा आपला परिणाम करीत असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. चांगला चाकू म्हणजे ज्याचा काप गुळगुळीत येतो व ज्याची धार पुष्कळ वेळ टिकते तो. बाजारातील इतर सर्व गुण यानंतर येतात.

देशाच्या नावास किंमत कशी आली

चाकूवर देशाचे नाव घालण्याची चाल आरंभी मालाची प्रशंसा करण्यासाठी पडलेली नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील शेफील्ड हे शहर चाकू-सुऱ्यांसाठी जगभर प्रसिद्ध होते. त्या नावाचा लाभ घेण्यासाठी इतर ठिकाणचा माल, विशेषतः जर्मनीतील सोलिंगेन या गावचा माल, शेफील्डचा म्हणून विकला जाऊ लागला. यास आळा घालण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ साली मालावरील खुणांसंबंधी कायदा केला आणि परदेशी मालावर त्याचे मूळ स्थान स्पष्ट लिहिण्याची सक्ती झाली. ‘जर्मनीत तयार झालेला’ ही अक्षरे अशा रीतीने गिऱ्हाइकास सावध करण्यासाठी आली. परंतु जर्मन कारखानदारांनी मालाचा दर्जा सुधारला आणि थोड्याच वर्षांत तीच अक्षरे विश्वासाची खूण बनली. सोलिंगेन या नावास तर पुढे १९३८ साली जर्मनीत कायद्याचे संरक्षण मिळाले. आजही त्या भागात उत्पादनाच्या मुख्य क्रिया झाल्या असतील तरच चाकूवर ते नाव घालता येते.

या हकीकतीतून दोन बोध घेता येतात. एक असा की, देशाचे नाव ही दर्जाची जन्मजात खूण नाही. दर्जा माणसे निर्माण करतात आणि मग नावास किंमत येते. दुसरा असा की, ज्या नावामागे कायदा व तपासणी उभी असते, त्या नावाचा अर्थ निश्चित असतो. नुसते देशाचे नाव आणि असे संरक्षित स्थाननाम यांत पुष्कळ अंतर आहे.

संत्रा बागाईतदारास हा भेद समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या प्रांतातील फळ ‘नागपुरी’ म्हणून विकले गेले तर खरा तोटा कोणाचा होतो, हे येथील प्रत्येक बागाईतदार जाणतो. त्याचप्रमाणे नागपुरी म्हणून विकले जाणारे प्रत्येक फळ गोडच निघते असेही नाही, हेही तो जाणतो. फळाच्या बाबतीत जे ज्ञान त्यास उपजत आहे तेच चाकूच्या बाबतीत वापरावयाचे आहे. आपल्या देशातही मीरतच्या कात्रीस असेच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

एकाच चाकूत अनेक देश

चाकूचा देश कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. शेफील्डचे पोलाद जगात नावाजले गेले ते अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळविण्याची रीत काढल्यानंतर. परंतु त्या पोलादासाठी लागणारे उत्तम लोखंड स्वीडनमधून येत असे. स्वित्झर्लंडच्या सैनिकांचा घडीचा चाकू आज जगप्रसिद्ध आहे, तथापि त्या सैन्यासाठी ठरविलेल्या चाकूचा पहिला पुरवठा सोलिंगेनच्या कारखान्याने केला होता, कारण इतके चाकू एकदम करून देणारा कारखाना त्यावेळी स्वित्झर्लंडात नव्हता. कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ साली इबाख येथे आपला कारखाना काढला होता. त्याने इतर कारागिरांस एकत्र आणून १८९१ पासून हे काम आपल्या देशात आणले.

भारताचा या बाबतीतील इतिहास तर याहूनही जुना आहे. दक्षिणेत मुशीत तयार होणारे हिंदुस्थानी पोलाद शतकानुशतके पश्चिम आशियात जात असे. विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेपलीकडे आज तेलंगणात असलेले कोनासमुद्रम हे गाव या पोलादासाठी विख्यात होते आणि इराणातील व्यापारी तेथपर्यंत खरेदीस येत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मायकेल फॅरडे यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये या पोलादाचा अभ्यास केला, तो चाकू-वस्तऱ्यांचे पोलाद सुधारावे या हेतूने. म्हणजे एके काळी ‘हिंदुस्थानी’ हे नावच पात्याच्या उत्तमपणाची साक्ष होते. पुढे ही परंपरा मोडली. ती मोडल्यामुळे देशातील माती किंवा माणूस बदलला नाही. बदलले ते उत्पादनाचे तंत्र, बाजार आणि राज्यकर्त्यांचे धोरण.

आजच्या काळात पोलाद एका देशात, पाते दुसऱ्या देशात आणि मूठ तिसऱ्या देशात तयार होणे सर्वसामान्य झाले आहे. जपानातील सेकी, जर्मनीतील सोलिंगेन व चीनमधील यांगजियांग ही चाकू-सुऱ्यांची मोठी केंद्रे आहेत. यांपैकी कोणत्याही देशात उत्कृष्ट माल तयार होतो आणि हलका मालही तयार होतो. एकाच देशातून दोन्ही प्रकारचा माल येतो, कारण मागविणारा व्यापारी ज्या किमतीचा माल मागवितो त्या किमतीचा तो मिळतो. यास्तव अमुक देशाचा म्हणून चांगला किंवा अमुक देशाचा म्हणून टाकाऊ, असा सरसकट निर्णय करणे चुकीचे ठरते.

पात्याचा खरा गुण : पोलाद आणि पाणी

लोहार ज्यास ‘पाणी देणे’ म्हणतो त्या क्रियेत पात्याचे अर्धे भवितव्य ठरते. चाकूच्या साध्या पोलादात कार्बनचे प्रमाण सुमारे अर्धा ते एक टक्का असते. असे पाते लालबुंद तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम थंड केले म्हणजे ते अतिशय कठीण होते, परंतु काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. ही दुसरी क्रिया कमी झाली तर धारेचे तुकडे उडतात; अधिक झाली तर पाते मऊ पडते आणि धार दहा-वीस डोळ्यांतच वळते. उत्तम पोलाद घेऊनही पाणी नीट दिले नसेल तर चाकू निकामी होतो, आणि साधारण पोलादास पाणी नीट दिले असेल तर तो चांगले काम देतो.

पात्याचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापाने मोजतात. कलमाच्या चांगल्या चाकूंचे माप साधारणतः ५४ ते ६० या दरम्यान असते. काही कारखाने हा आकडा वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात देतात. आकडा दिला असणे हे कारखान्याने पात्याची तपासणी केल्याचे एक लक्षण होय. देशाच्या नावापेक्षा या आकड्यास अधिक महत्त्व द्यावे.

पोलादाचे मुख्यतः दोन प्रकार बाजारात मिळतात. साध्या कार्बन पोलादाच्या पात्यास धार लवकर व तीक्ष्ण लागते, परंतु ते गंजते. संत्रावर्गीय झाडाच्या आंबट रसाने ते काळे पडते. स्टेनलेस पोलाद सहसा गंजत नाही, परंतु हलक्या प्रतीचे असल्यास त्यास धार धरत नाही. नित्य पुसून तेल लावणारा कारागीर असेल तर कार्बन पोलाद चांगले. चाकू वारंवार औषधी पाण्यात बुडवावयाचा असेल व देखभाल करणारे हात अनेक असतील तर चांगल्या प्रतीचे स्टेनलेस पोलाद सोयीचे पडते. हा निर्णय कामाच्या पद्धतीवरून करावयाचा आहे, देशावरून नव्हे.

खरेदीच्या वेळी करावयाची तपासणी

चाकू विकत घेण्यापूर्वी पुढील गोष्टी दुकानातच पाहाव्यात :

१. चाकू उघडून पाते दोन बोटांत धरावे व हळूच डावी-उजवीकडे हलवून पाहावे. पाते खिळ्याशी खिळखिळे लागल्यास तो चाकू घेऊ नये. सैल पात्याने सरळ काप येत नाही आणि हातास इजा होण्याचाही संभव असतो.

२. चाकू उघडताना व मिटताना कमानीचा दाब एकसारखा लागला पाहिजे. पाते पूर्ण उघडल्यावर आपोआप मिटू पाहत असेल तर कमान अशक्त समजावी.

३. चाकू मिटला असता पाते मुठीच्या खाचेत मधोमध बसले पाहिजे. ते एका बाजूस घासत असेल तर धार लवकर जाते.

४. धार डोळ्यांसमोर धरून उजेडाकडे पाहावे. धारेवर कोठेही चकाकणारी रेघ दिसल्यास तेथे पाते बोथट आहे असे समजावे. खऱ्या तीक्ष्ण धारेवरून उजेड परावर्तित होत नाही.

५. पात्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. कलमाचे काही चाकू एका बाजूने सपाट व दुसऱ्या बाजूने उतरते घासलेले असतात. त्यांचा काप सपाट येतो. मात्र उजव्या हाताचा असा चाकू डावखुऱ्या कारागिरास उपयोगी पडत नाही. त्याच्यासाठी उलट बाजूने घासलेला चाकू मागवावा.

६. साल उचकण्यासाठी असलेली चपटी पट्टी किंवा पात्याच्या पाठीवरील उंचवटा बोटाने चाचपून पाहावा. तो गुळगुळीत असावा. त्यास कंगोरा असल्यास साल फाटते.

७. शक्य असल्यास जंबेरीची ओली काडी बरोबर न्यावी व दुकानदाराच्या संमतीने एक लांब तिरपा काप घेऊन पाहावा. कापाचा पृष्ठभाग ओला, गुळगुळीत व एकसंध दिसला पाहिजे. त्यावर रेघा किंवा सुटलेले तंतू दिसल्यास धार किंवा पाते सदोष आहे.

या सात परीक्षांत उतरलेला चाकू देशी असो वा विलायती, तो घेण्यास हरकत नाही. या परीक्षांत न उतरलेल्या चाकूस कोणत्याही देशाचे नाव तारू शकत नाही.

वेष्टनावरील मजकूर आणि नकली माल

नावास किंमत आली की नकलाही येतात. प्रसिद्ध विलायती चाकूंच्या नावाशी मिळतीजुळती नावे, त्यांच्यासारख्या लाल मुठी व खुणा असलेला हलका माल बाजारात आढळतो. येथे देशाचे नाव शेतकऱ्यास साहाय्य करण्याऐवजी त्याची फसवणूक करण्याचे साधन बनते. नावाकडे पाहून अधिक पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच नकली माल तयार होत असतो, हे विसरू नये.

यापासून बचाव करण्याचा मार्ग कायद्याने ठेवलेला आहे. वैध मापनाच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनात विकल्या जाणाऱ्या मालावर उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्काचा तपशील छापणे बंधनकारक आहे. परदेशी माल असल्यास मूळ देशाचे नावही द्यावे लागते. ज्या ‘जर्मन’ चाकूच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचा भारतातील पत्ता नाही, तो संशयास्पद समजावा. पक्की पावती मागून घ्यावी व तीवर चाकूचे नाव लिहून घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पावतीवाचून केलेल्या खरेदीत मात्र असा कोणताही आधार उरत नाही.

किमतीचा हिशोब

नावाजलेल्या विलायती चाकूची किंमत देशी चाकूच्या कित्येक पट असते. ती देणे योग्य की अयोग्य, हे कामाच्या प्रमाणावरून ठरवावे. जो कारागीर प्रत्येक हंगामात हजारो डोळे बांधतो, त्याच्या बाबतीत चाकूची किंमत एका डोळ्यामागे काही पैशांहून अधिक पडत नाही. धार अधिक वेळ टिकल्यास पाजळण्यात जाणारा वेळ वाचतो आणि काही अधिक डोळे लागतात. अशा कारागिरास उत्तम चाकूवर केलेला खर्च परवडतो, मग तो कोठलाही असो. याउलट, ज्या शेतकऱ्यास वर्षातून पाच-पन्नास डोळे भरावयाचे आहेत, त्याने तपासून घेतलेला देशी चाकू वापरावा आणि बरोबर धार लावण्याचा चांगला दगड घ्यावा. बोथट झालेल्या उंची चाकूपेक्षा नीट पाजळलेला साधा चाकू केव्हाही श्रेष्ठ होय.

देशी मालाच्या बाजूने आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. खिळा सैल झाला, कमान मोडली किंवा मूठ फुटली तर देशी चाकूची दुरुस्ती जवळच्या बाजारात होते आणि उत्पादकाकडे दाद मागता येते. दोन चाकू परीक्षेत सारखे उतरत असतील तर देशी चाकू घ्यावा. त्यामुळे पैसा देशातील कारागिरांच्या हाती जातो व त्यांचे कसब वाढते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो घेण्यास शेतकरी धजेनात. पुढे नांगराचे काम प्रत्यक्ष शेतात दिसले आणि मग तो विलायती नांगरांच्या बरोबरीने खपू लागला. त्या नांगरास शेतकऱ्याने दिलेली मान्यता केवळ स्वदेशीच्या अभिमानावर उभी नव्हती. शेतात तो उतरला म्हणून ती टिकली. चाकूच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी.

देशापेक्षा मोठा प्रश्न : चाकूची स्वच्छता

चाकू कोठे तयार झाला याची चौकशी करणारा बागाईतदार, तो चाकू कालपर्यंत कोणत्या झाडावर चालला होता हे क्वचितच विचारतो. वस्तुतः बागेच्या दृष्टीने हा प्रश्न कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे. संत्रावर्गीय झाडांचे काही रोग चाकूच्या पात्यावरील रसातून एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जातात. एक्सोकॉर्टिस नावाचा रोग याचे ठळक उदाहरण होय. जंबेरीच्या खुंटावर त्याची लक्षणे सहसा दिसत नाहीत. परंतु रंगपूर लाइमच्या खुंटावर त्यामुळे साल सुटते व झाडाची वाढ खुंटते. निरोगी दिसणाऱ्या झाडावरील काडी कापलेला चाकू अशा रीतीने शेकडो कलमांत रोग पेरू शकतो आणि कोणास त्याचा पत्ताही लागत नाही.

६ मीटर × ६ मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडे बसतात. संत्र्याचे झाड साधारणतः पाचव्या वर्षापासून चांगले फळ देऊ लागते. रोपवाटिकेत झालेली चूक बागाईतदारास उमगते तेव्हा पाच वर्षांचे पाणी, खत, मजुरी आणि आशा त्या २७७ खड्ड्यांत गेलेली असते. त्यावेळी चाकू जर्मन होता की देशी, या माहितीचा त्यास काहीही उपयोग नसतो.

या रोगाचा कारक पात्यास ज्योतीवर धरून किंवा स्पिरिटने पुसून नाहीसा होत नाही. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे १ टक्का तीव्रतेचे द्रावण वापरावे. बाटलीवरील प्रमाण ५ टक्के असल्यास एक भाग औषध व चार भाग पाणी घ्यावे. द्रावण रोज ताजे करावे, कारण उन्हात व उघड्यावर त्याचा जोर कमी होतो. ते आम्लात मिसळू नये व डोळ्यांत उडू देऊ नये. एका मातृवृक्षाच्या काड्या संपवून दुसऱ्या झाडाच्या काड्यांकडे वळताना चाकू आधी पुसून या द्रावणात बुडवावा. एका वाफ्याकडून दुसऱ्या वाफ्याकडे जातानाही तसेच करावे. त्यानंतर तो स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा करावा. या द्रावणाने पोलाद गंजते, म्हणून दिवसाचे काम संपल्यावर पात्यास व खिळ्यास तेलाचा थेंब लावण्यास विसरू नये. दोन चाकू जवळ बाळगून ते आलटून पालटून वापरल्यास काम थांबत नाही. या दृष्टीने एका महाग चाकूपेक्षा तपासून घेतलेले दोन मध्यम किमतीचे चाकू पुष्कळदा अधिक उपयोगी ठरतात.

अर्थात डोळ्याची काडीच रोगट झाडाची असेल तर चाकूची स्वच्छता व्यर्थ होय. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था किंवा डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याकडून रोगमुक्त मातृवृक्षांविषयी सल्ला घेऊन मगच काड्यांची निवड करावी.

धार लावताना घ्यावयाची काळजी

चांगला चाकू बिघडतो तो बहुधा धार लावण्याच्या चाकावर. कोरड्या व वेगाने फिरणाऱ्या चाकावर पाते धरल्यास त्याचे टोक निळसर पडते. हा निळा रंग म्हणजे दिलेले पाणी उतरल्याची खूण होय. तेवढ्या भागास पुन्हा धार टिकत नाही. कलमाचा चाकू बारीक कणांच्या दगडावर पाणी किंवा तेल घालून हातानेच पाजळावा आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाच-दहा वेळा उलट दिशेने ओढावा. डोळे बांधण्याच्या चाकूने सुतळी तोडणे, फांद्या छाटणे किंवा फळे कापणे ही कामे कधीही करू नयेत.

कार्यकर्त्यांसाठी एक सोपे प्रात्यक्षिक

हा विषय गावात नुसता सांगण्यापेक्षा दाखविल्यास अधिक पटतो. एक देशी व एक विलायती असे दोन चाकू घ्यावेत, दोहोंस सारखीच धार लावावी आणि त्यांच्या नावांवर चिकटपट्टी लावावी. एकाच कारागिराने एकाच वाफ्यातील सारख्या जाडीच्या खुंटांवर, एकाच झाडाच्या काड्यांतील डोळे, प्रत्येक चाकूने पन्नास याप्रमाणे भरावेत. निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या बांधून खुंटांवर खूण करावी. धार पुन्हा केव्हा लावावी लागली हे लिहून ठेवावे. तीन-चार आठवड्यांनी पट्ट्या सोडून हिरवे राहिलेले डोळे सर्वांसमक्ष मोजावेत व त्यानंतरच चाकूंची नावे उघड करावीत. मोजणीत जो चाकू पुढे येईल त्याविषयी गावकऱ्यांचे मत आपोआप बनेल, आणि त्या मतास बाजारातील कोणाच्याही बोलण्याने सहजी धक्का लागणार नाही.

सारांश

चाकू कोणत्या देशाचा, या प्रश्नास अर्थ आहे, परंतु तो प्रश्न पहिला नव्हे. पहिल्याने पाते, धार, खिळा व कमान पाहावी. त्यानंतर वेष्टनावरील पत्ता, पावती व दुरुस्तीची सोय पाहावी. आपल्या कामाचे प्रमाण किती आहे याचा हिशोब करावा. इतके करून दोन चाकू सारखे ठरले तर देशाचा विचार अवश्य करावा व आपल्या देशातील कारागिरास प्राधान्य द्यावे. जेथे स्थाननामास कायद्याचे संरक्षण आहे तेथे त्या नावास योग्य तो मान द्यावा, मात्र माल अस्सल असल्याची खात्री करून घ्यावी. आणि चाकू कोठलाही असला तरी प्रत्येक नव्या झाडाकडे जाताना तो निर्जंतुक करूनच हाती धरावा. पाच वर्षांनी बागेत उभे राहणारे झाड चाकूवरील अक्षरे वाचीत नाही. त्याच्या सांध्यात उमटतो तो पात्याचा काप आणि ते धरणाऱ्या हाताची शिस्त.